दुरुस्ती छापली जाणार नाही

आमच्या आळीतल्या निवृत्त फौजदारांच्या मृत्यूची बातमी संपादकांनी छापली, तेव्हा फौजदार आपल्या ओटीवर बसून सुपारी कातरत होते.

बातमी ऐकीव होती. फौजदारांना ताप आला होता, वैद्य येऊन गेला होता, आणि आमच्या संपादकांना एवढं पुरेसं होतं. अंक आळीत वाटला गेला आणि थोड्याच वेळात फौजदारांचा थोरला मुलगा काठी घेऊन छापखान्याच्या दारात उभा राहिला. संपादकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "लेख पुरता वाचलात का? भाषेत काही उणं राहिलंय का?" मग स्वतः त्यांच्या घरी गेले आणि तो मृत्युलेख फौजदारांनाच वाचून दाखवला. करारी, निःस्पृह, गोरगरिबांचे कैवारी, असं ऐकता ऐकता म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "माझ्याबद्दल घरात असं कधी कोणी बोललं नाही हो," ते म्हणाले आणि पुण्याच्या जावयाला पाठवायला आणखी अंक मागून घेतले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. खरोखर वारले तेव्हा पत्रात त्याची एक ओळही आली नाही. मी कारण विचारलं, तर संपादक म्हणाले, "ती बातमी आम्ही पूर्वीच दिली आहे."

मी त्या काळी ठाण्यास इंग्रजी शाळेत मास्तर होतो आणि संपादकांच्या घराच्या पुढच्या खोलीत बिऱ्हाड करून राहत होतो. मागच्या पडवीत त्यांचा दगडावर छापायचा शिळाप्रेस होता. त्यावर दर शनिवारी त्यांचं साप्ताहिक निघे. मुंबईच्या इंग्रजी पत्रांतल्या बातम्यांचं मराठी करून द्यायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे त्यांचा कारभार मी अगदी जवळून पाहिला.

त्यांच्या पत्रात चुका पुष्कळ होत, पण दुरुस्ती कधीच छापली जात नसे. "पत्रानं एकदा चूक कबूल केली, की वाचक मागचे सगळे अंक काढून बसतो," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी ते जगातच दुरुस्ती करायला निघत. एकदा त्यांनी एका कीर्तनकारांचं गुरुवारी देवळात कीर्तन झाल्याचं बुधवारीच लिहून ठेवलं. बुवा कल्याणला एका यजमानाकडे अडकून पडले. संपादक आगगाडीनं कल्याणला गेले, बुवांना जेवणावरून उठवून घेऊन आले आणि श्रोते घरी परतल्यावर रिकाम्या सभामंडपात त्यांना आख्यान लावायला लावलं. ऐकायला पुजारी होता, मी होतो आणि 'अपूर्व समुदाय' असं लिहून बसलेले संपादक होते.

बोलताना ते स्वतःला 'आम्ही' म्हणत. लिहिण्यातली ती सवय घरातही शिरली होती. "आम्हांला भूक लागली आहे," असं म्हणाले की त्यांची थोरली बहीण आतून विचारी, "किती जण आहात? त्या मानानं भाकऱ्या टाकते."

या बहिणीला सगळी आळी अक्का म्हणे. लहानपणीच विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या. भावाचं लग्न झालं आणि वहिनी बाळंतपणात गेली, तेव्हापासून घर त्यांच्याच हाती होतं. तरी घरात त्यांचं म्हणावं असं काही नव्हतं. घर भावाचं, देव वाडवडिलांचे, पडवी छापखान्याची. फक्त परसातली विहीर त्यांची होती. तिचं पाणी गोडं होतं. खाडीच्या जवळपास अशी विहीर दुर्मीळच. पहाटे सोवळ्यानं पहिला रहाट अक्का ओढत, आणि त्यांच्या परवानगीवाचून तिथं कोणी पाय ठेवत नसे. संपादकांनी एकदा शाईचे हात तिथं धुतले, तेव्हा अक्का दिवसभर जेवल्या नाहीत. मग संपादकही जेवले नाहीत, कारण वाढणार कोण?

कल्याणहून एक दुसरं साप्ताहिक निघे. त्याचे संपादक आमच्या संपादकांचे हाडवैरी. ते यांना 'ठाण्याचं बेडूक' म्हणत आणि हे त्यांना 'कल्याणचं अकल्याण'. एका आठवड्यात कल्याणच्या अंकात आमच्यावर एक अक्षरही नव्हतं. संपादक दिवसभर अस्वस्थ. "काहीतरी विपरीत घडलंय," म्हणाले आणि गाडीत बसले. पाहतात तो वैरी हिवतापानं अंथरुणात कुडकुडतोय आणि पुढचा अंक कोरा पडलाय. तेव्हा आमच्या संपादकांनी तिथंच बैठक मारली आणि त्या पत्रासाठी स्वतःवरच एक जळजळीत लेख लिहून दिला. परत आल्यावर त्याला उत्तर लिहायला बसले, तर काही सुचेना. "मुद्दे फार सबळ आहेत," मला म्हणाले, "या माणसाला आमच्यातलं नेमकं कुठं दुखतं ते ठाऊक आहे."

अशात म्युनिसिपालिटीचा नवा कायदा आला. कर भरणाऱ्या रहिवाशांनी आपले सभासद आपणच निवडावेत, असं सरकारनं ठरवलं. ठाण्यात असलं काही पूर्वी झालेलं नव्हतं. ज्यांना आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, त्यांना एकदम मत विचारायला माणसं घरी येऊ लागली. आमच्या भागातून दोन उमेदवार उभे राहिले. एक मोठे वकील आणि दुसरे मिठागरांचे मालक असलेले शेठ. संपादक वकिलांच्या बाजूनं उभे राहिले. कारण एवढंच, की फार पूर्वी एका पानसुपारीच्या वृत्तांतात त्यांनी या वकिलांना 'भावी लोकनायक' म्हटलेलं होतं. छापलं होतं, तेव्हा आता ते खरं होणं भागच होतं.

तो हंगाम मी कधी विसरणार नाही. शेठजींच्या सभेला मैदान भरलं, तर संपादकांनी लिहिलं, 'गर्दी एवढी की विचाराला बसायला जागा उरली नाही.' वकिलांच्या सभेला आम्ही आठ-दहा टाळकी, त्यांतले दोघे झोपलेले. त्यावर लिहिलं, 'निवडक, शांत व अंतर्मुख श्रोतृवर्ग.' शेठजींनी जिलबी वाटली, तो मतदारांच्या पोटावरचा हल्ला ठरला. वकिलांनी पेढे वाटले, ते सौजन्य. शेठजी पायी हिंडले तेव्हा त्यांना घोडागाडी परवडत नसल्याची शंका प्रकट झाली. वकील गाडीतून उतरलेच नाहीत, तेव्हा 'वेळेची किंमत जाणणारा पुरुष' असा मथळा आला.

मी एकदा म्हटलं, "अहो, शेठजींनी खाडीवर धक्का बांधून दिलाय, तेवढं तरी लिहा."

"लिहिलंय की," ते म्हणाले. "खाडीची अडचण केली, असं लिहिलंय."

वकील स्वतः फारसं बोलत नसत. कोणी काही मागितलं की डोळे किंचित मिटून "बघू" म्हणत. पाण्याचा प्रश्न, बघू. दिवाबत्ती, बघू. संपादक त्या एका 'बघू'चा रकानाभर मजकूर करत.

खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या आगरी लोकांचा एक पाडा होता. तिथल्या बऱ्याच घरांना कर होता, म्हणून मतंही होती, आणि ती शेठजींना पडणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. माणसं त्यांच्याच मिठागरात कामाला. पाड्यातल्या विहिरींचं पाणी मचूळ, तोंडात धरवत नसे. गोड्या पाण्यासाठी बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या तळ्यावर जात. वकिलांची सभा तिथं झाली, तेव्हा मीही संपादकांबरोबर होतो. एक म्हातारी उभी राहिली. उंच, काटक, सगळा पाडा तिला आजी म्हणे. तिनं विचारलं, "साहेब, बाकी काय नको. आमचे पोरींना गोडं पानी भेटंल का?"

वकील म्हणाले, "बघू."

शनिवारी पत्रात आलं: 'वकीलसाहेबांनी भर सभेत शब्द दिला, की येत्या उन्हाळ्यात पाड्यातील आयाबहिणींस गावातले गोडे पाणी कोणाच्याही मनाईवाचून मिळेल.'

"ते तर नुसतं 'बघू' म्हणाले होते," मी म्हटलं.

"वकील आहेत ते. कमी शब्दांत बोलायची सवय. बघू म्हणजे करू. आम्ही त्याचा अर्थ दिला."

तो अर्थ पाड्यात मोठ्यानं वाचला गेला. पुन्हा पुन्हा वाचला गेला. मतदानाच्या दिवशी मामलेदारापुढे उभं राहून उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचं होतं, आणि शेठजींचा कारभारी शेजारीच उभा राहून प्रत्येकाकडे रोखून पाहत होता. मिठागरात उद्या कामावर घेणारा तोच. तरी पाड्यातली माणसं एकामागून एक आली आणि त्याच्या देखत वकिलांचं नाव घेऊन गेली. वकील थोडक्यात निवडून आले. संपादकांनी त्या दिवशी मला मिठी मारली. माझ्या कोटावर शाईचे डाग पडले ते पडलेच.

उन्हाळा आला. पाड्याकडे कोणी फिरकलं नाही. कारभाऱ्यानं मात्र आपल्या नजरेतली धमकी खरी केली आणि काही जणांना मिठागरातून घरी बसवलं. एका सकाळी छापखान्यासमोर आजी येऊन उभी राहिली. मागं रिकामे हंडे घेतलेल्या बाया. तिच्या हातात घडी पडून फाटायला आलेला तो अंक होता.

"यो कागद तुमचाच ना?"

"आमचाच," संपादक म्हणाले.

"यान लिवलंय, उनाल्यान पानी. उनाला आला. पानी कुठं हाय?"

संपादकांनी त्यांना ओटीवर बसायला सांगितलं, पागोटं चढवलं आणि मला घेऊन थेट वकिलांकडे गेले. वकील झोपाळ्यावर होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मी बघू म्हणालो होतो. बघितलं. म्युनिसिपालिटीकडे तशी तजवीज नाही."

"पण शब्द?"

"शब्द तुमच्या पत्राचा आहे, माझा नव्हे. एवढं वाटतंय तर दुरुस्ती छापा. 'नजरचुकीने' म्हणून दोन ओळी. लोक विसरतील."

संपादकांचा चेहरा असा झाला, जणू फौजदारांसारखा त्यांचाच मृत्युलेख निघाला होता. ते उठले. वाटेत तलावाच्या काठी थांबून राहिले. मला वाटलं, आता हा माणूस वकिलांवर अग्रलेख लिहिणार, आणि मनातून मला बरं वाटलं.

घरी येऊन त्यांनी तो अंक काढला आणि आपलंच वाक्य परत परत वाचू लागले. मग बोट ठेवून मला म्हणाले, "मास्तर, नीट वाचा. नवी विहीर खणू असं कुठं म्हटलंय? गावातलं पाणी. गोडं पाणी. कोणाच्याही मनाईवाचून. एवढंच." आणि त्यांनी परसाकडे पाहिलं.

अक्का दारातच उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं.

"माझ्या विहिरीवर?" त्या म्हणाल्या.

"अक्का, छापलं गेलंय."

"तुझं छापलेलं मी इतकी वर्षं निस्तरतेय. मेलेल्या माणसांना मी लाडू पाठवलेत. पण विहिरीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. या घरात माझं दुसरं काय आहे रे?"

संपादक हातातल्या अंकाची घडी घालत म्हणाले, "त्या माणसांनी कारभाऱ्याच्या तोंडावर नाव घेतलं, अक्का. माझ्या एका वाक्यावर. त्यांची कामं गेली." ते 'माझ्या' म्हणाले, 'आमच्या' नव्हे, हे अक्कांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संपादकांनी ओटीवर थांबलेल्या बायांना उद्या मागच्या गल्लीतून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहार घेतली आणि परसाची मागची भिंत पाडायला सुरुवात केली. म्हणजे पाड्यातल्या बायांना घरातून यावं लागणार नव्हतं, मागच्या गल्लीतून थेट विहिरीपर्यंत वाट झाली असती. आयुष्यात बोरूपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं त्यांनी. पहिलाच घाव भिंतीला लागून परत आला आणि ते मागं बसले. मी मदत केली, पण माझीही तीच गत. शेवटी गल्लीतून आजी आली, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून आमचं काम पाहत राहिली आणि म्हणाली, "सरा बाजूला. भिंत पारतात का पूजा करतात?" तिनं आणि दोन सुनांनी दुपारच्या आत खिंडार पाडलं.

आळीतले वडीलधारे संध्याकाळी आले. हे काय चालवलंय, अशी विचारणा झाली. संपादकांनी त्यांना तो अंक दाखवला. त्या वर्षी आम्हांला एकाही मुंजीचं बोलावणं आलं नाही. श्रावणीला जानवं बदलायलाही संपादक एकटेच बसले.

अक्का तीन दिवस विहिरीकडे गेल्या नाहीत. मागच्या दारामागून ऐकत मात्र होत्या. रहाटाचा करकराट, बायांचं हसणं, हंड्यांची आदळआपट. चौथ्या दिवशी कोणी तरी दोर खसाखस ओढला आणि घागर काठावर आपटली, तेव्हा दार धाडकन उघडलं.

"अगं ए! रहाट आहे तो, बैल नाही! आणि ती घागर घासली कधी होतीस शेवटची? राख घे, आधी घास. माझी अंघोळ व्हायच्या आत इथं कोणी यायचं नाही. आणि काठावर पाय धुवायचे नाहीत!"

सगळ्या बाया काठापासून मागं सरल्या. आजी पुढं झाली आणि म्हणाली, "आक्का, तू बोलशील तसा."

अक्का जरा थबकल्या. उभ्या जन्मात त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. भाऊ ऐकत नसे, मोलकरीण ऐकत नसे, देव तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या पायरीवर पाट टाकून बसू लागल्या. कोणाची पाळी कधी, कोणत्या पोरीचे दिवस भरलेत म्हणून तिनं हंडा उचलायचा नाही, कोणाचा नवरा मारतो, सगळा न्यायनिवाडा तिथून होऊ लागला. म्युनिसिपालिटीच्या सभेत होत नसेल एवढं कामकाज आमच्या परसात होई.

इकडे पत्रात अग्रलेख आला. मथळा होता 'वचनपूर्ती'. वकीलसाहेबांनी दिलेला शब्द उन्हाळा सरायच्या आत पाळला, असा पुरुष प्रतिनिधी म्हणून लाभणं हे ठाण्याचं भाग्य, वगैरे वगैरे.

मी अंक हातात घेऊन पडवीत गेलो. "विहीर तुमची, भिंत तुमची, बहिष्कार तुमच्यावर. वकिलांनी काय केलं?"

"निवडून आले," संपादक म्हणाले.

"पण त्यांनी तुम्हांला दुरुस्ती छापायला सांगितलं!"

"ते खासगीत. मास्तर, पक्ष म्हणजे काय? एकानं शब्द द्यायचा, दुसऱ्यानं पाळायचा. आमच्या पक्षात ही वाटणी आहे."

आणखी गंमत पुढेच झाली. कल्याणच्या पत्रानं लिहिलं, की पाणी वकिलांनी दिलेलं नाही, विहीर ठाण्याच्या संपादकाच्या घरची आहे आणि भिंतही त्यानेच पाडली. त्या पत्राच्या सबंध हयातीत छापली गेलेली बहुधा ही पहिली निखळ खरी बातमी. आमच्या संपादकांनी तिचा असा समाचार घेतला, की शेवटी मलाही शंका येऊ लागली. 'खोडसाळ, निराधार व द्वेषमूलक' असं लिहून त्यांनी पुराव्यादाखल आपलाच अग्रलेख उद्धृत केला होता.

एवढं वाचल्यावर वकिलांनाही आपण काहीतरी केलं असावं असं वाटू लागलं. त्यांनी निरोप पाठवला, की विहिरीची पाहणी करायला येतो. आळीतले जे वडीलधारे आम्हांला मुंजीला बोलवत नव्हते, ते वकिलांच्या मागं उपरणी सावरत मागच्या गल्लीतून आत आले. पाड्यातल्या बाया एका बाजूला उभ्या. संपादकांनी हार घातला. कोणी तरी दोन शब्द बोलायला सांगितलं. वकील म्हणाले, लोकांची सोय हेच आपलं ध्येय आहे, आणि इतर पाड्यांचंही बघू.

मग त्यांना पाणी दिलं. ते फुलपात्र वर धरून प्याले आणि ओठ टिपून खरोखर आश्चर्यानं म्हणाले, "वा! किती गोड आहे! कोणी बांधली हो ही विहीर?"

संपादक खाली बघू लागले. आजीनं तोंडावर पदर घेतला. मागच्या पायरीवरून अक्कांचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा खणखणीत.

"तुम्हीच. छापून आलंय. वाचत नाही वाटतं?"

बायांमध्ये हशा फुटला आणि तो आवरेना. वकिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं, हार काढून हातात घेतला आणि परत गळ्यात घातला. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी संपादकांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. त्यांनी बाराबंदीतून कागद काढला होता आणि भराभर काही खरडत होते. शनिवारी ते छापून आलं:

'स्वतःची स्तुती कानी पडताच वकीलसाहेबांनी विनयाने मौन धारण केले.'